21 जूनला खान्देशात सावली गायब होत नाही

जून उजाडला की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो: ‘21 जूनला सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो, म्हणून तो वर्षातला सर्वांत उष्ण दिवस. दुपारी बाराला सावली गायब होईल, मुलांना दाखवा.’ जळगाव-धुळ्याकडे यातलं काहीच खरं ठरत नाही.

आधी सावलीचं बोलू, कारण मुलं खरोखर अंगणात जाऊन उभी राहतात आणि सावली दिसली की आपलंच काही चुकलं असं समजतात. त्या दिवशी सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो कर्कवृत्तावर. कर्कवृत्त महाराष्ट्रातून जातच नाही. ते उज्जैनच्या उत्तरेकडून, जळगावपासून सुमारे 270 किलोमीटरवरून जातं. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथा ओलांडून किंचित सातपुड्याकडे कललेला असतो. ओळंबा लावून उभ्या केलेल्या एक मीटर काठीची सावली जेमतेम 4 सेंटिमीटर पडते, पण पडते दक्षिणेला! वर्षाचे दहा महिने भरदुपारची सावली उत्तरेला पडते, म्हणून मुलांना दाखवायचं तर हे दाखवा. तेही बाराला नव्हे. त्या दिवशी जळगावात मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते, नंदुरबारला आणखी पाचेक मिनिटांनी.

शून्य सावली जळगावात 25-26 मेच्या आसपास आणि पुन्हा 18 जुलैच्या सुमारास येते. जुलैत बहुधा ढग आडवे येतात, म्हणून मेचा दिवस धरा. शाळेला सुट्टी असली तरी अंगण आहेच.

सूर्य जवळ येतो हे तर साफ उलटं आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर असते. जानेवारीत, आपण शेकोटीशी बसतो तेव्हा, 14.7 कोटींवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस 23.4 अंश कललेला असल्यामुळे.

उन्हाचं भुसावळकरांना काय सांगायचं? पारा 45 च्या वर जातो तो मेमध्ये. 21 जूनपर्यंत मिरग सरून सूर्य आर्द्रात शिरत असतो, ढग दाटू लागतात, पाऊस झाला असेल तर कपाशीची लागवड चालू असते. ऊन तेव्हा ढगांत अडतं आणि ओल सुकवण्यात खर्च होतं.

दिवस मात्र त्या तारखेला खरंच सर्वांत मोठा असतो, सुमारे 13 तास 25 मिनिटांचा. तरी सर्वांत लवकरचा सूर्योदय त्याआधीच, जूनच्या पूर्वार्धात होऊन गेलेला असतो, आणि सूर्यास्त जुलै लागेपर्यंत लांबतच राहतो.