सातवी वाघीण

रात्री साडेअकरा वाजता मी टेबलाखाली पालथा पडलो होतो, गाल फरशीला, एक डोळा मिटलेला आणि टॉर्च जमिनीवर आडवा. टॉर्च आडवाच धरायचा असतो बरं का, वरून उजेड मारला तर काही दिसत नाही, आडवा मारला की धुळीच्या कणाचीसुद्धा लांबलचक सावली पडते आणि मला जिची सावली हवी होती ती होती एक स्प्रिंग, तिळाएवढी, माझ्या मॉडेल रेल्वेतल्या मालगाडीच्या शेवटच्या म्हणजे गार्डच्या डब्याच्या कपलिंगमधली, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यातली. चिमट्यानं बसवत होतो, जवळजवळ बसलीच होती आणि टिंग. खरं म्हणजे टिंग असा आवाज येत नाही, एवढ्याशा वस्तूला कुठला आलाय आवाज, पण हा छंद असलेल्या प्रत्येकाला तो ऐकू येतो.

"अहो, काय शोधताय?"

"स्प्रिंग."

"कसली?"

"गार्डच्या डब्याची."

"मग गार्डला सांगा ना शोधायला."

गार्ड गेल्या महिन्यातच हरवलाय. दोन सेंटिमीटर उंच होता बिचारा, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

शेवटी व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर एक जुना पातळ मोजा ताणून बसवला आणि अख्खी खोली ओढून काढली. ही आमच्यातली मान्यताप्राप्त पद्धत आहे, जे काही लहानसहान असेल ते मोज्याला चिकटून राहतं, पोटात जात नाही. मोज्याला काय काय चिकटलं म्हणाल तर केस, एक स्क्रू, एका डब्याची शिडी जी हरवल्याचं मला माहीतच नव्हतं आणि दोन वर्षांपूर्वी गायब झालेलं बायकोचं कानातलं. स्प्रिंग नाही. पण कानातल्यामुळे घरातलं वातावरण एकदम निवळलं आणि माझ्या छंदाला मुदतवाढ मिळाली.

मी म्हटलं जाऊ दे, डबा शेवटचा आहे, त्याच्यामागे ओढायला कोण आहे, एका स्प्रिंगवाचून काय अडतंय. कपलिंगची मूठ बोटानं बंद केली आणि गार्डचा डबा तसाच जोडून टाकला.

आता मुळात हे सगळं कशासाठी, तर चौदा डब्यांची एक मालगाडी टेबलावरच्या लेआउटवर सलग पाच फेऱ्या न घसरता फिरावी. बस. पाच. बघायला येणारा माणूस नेहमी इंजिनच बघतो, त्याला मोटर असते, दिवा असतो, आवाज असतो, सगळं कौतुक त्याचं. पण इंजिन असतं एक. मागे चौदा डबे, म्हणजे अठ्ठावीस बोगी, छप्पन ॲक्सल, एकशे बारा चाकं. (आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण बोगी म्हणजे डब्याखालचा तो वळणारा चाकांचा सांगाडा. हे मी घरी इतक्या वेळा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की मुलगीच वाक्य पूर्ण करते.) तर ही एकशे बारा चाकं एकाच वेळी रुळांवर असावीत, याच्यापलीकडे माझी आयुष्याकडून फारशी अपेक्षा उरलेली नाही.

मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. वॅगनची वाघीण ज्यानं कोणी केली त्यानं नक्की कधीतरी हे मॉडेलचे डबे सांभाळले असणार. 

माझं सगळं एचओ स्केलमधलं आहे. एचओ म्हणजे हाफ ओ, ओ स्केलच्या अर्धं, प्रमाण १:८७, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. ऐकायला सोपं वाटतं, सगळ्याला ८७ नं भागायचं की झालं. पण गोम अशी आहे की लांबी ८७ पटीनं कमी होते तेव्हा वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ पटीनं कमी होतं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त. ऐंशी टनांची भरलेली वाघीण हिशोबानं सव्वाशे ग्रॅमचीसुद्धा भरत नाही. आणि वळणं? माझ्या टेबलावरच्या वळणाची त्रिज्या अठरा इंच आहे. तिला ८७ नं गुणा, चाळीस मीटरच्या आतबाहेर येते. खरी ट्राम वळेल तिथे एक वेळ, खरी मालगाडी नाही. थोडक्यात आपण वजन काढून घेतो, अशक्य वळण देतो आणि मग घसरली की तिलाच बोल लावतो.

याच वळणापायी प्रवासी डबे मी केव्हाच सोडले. युरोपातला २६.४ मीटरचा डबा १:८७ मधे तीस सेंटिमीटरहून थोडा जास्तच होतो आणि अठरा इंची वळणावर त्याचं पोट आत लटकतं आणि कोपरे बाहेर जातात, शेजारच्या रुळावर गाडी उभी असेल तर तिला ओरबाडून पुढे जातो. म्हणून काही कंपन्या लांबी तेवढी १:१०० नं करतात, रुंदी उंची १:८७ च. डबा छान वळतो, फक्त मधली एखादी खिडकी गायब असते. लोकांना कळतही नाही म्हणे. मी मोजतो.

पण प्रवासी डब्यांचं खरं प्रकरण म्हणजे प्रवासी. डबे रिकामे येतात, माणसं वेगळी घ्यायची, चिकटवायची. मी हौसेनं बसलेल्या पोझमधली अठ्ठेचाळीस माणसं आणली, छप्पर उघडलं आणि एकाला बाकावर बसवला तर त्याचे गुडघे समोरच्या बाकाच्या पाठीत आणि तळवे हवेत, कारण डब्याची फरशी वर आलेली, खाली वजनाची पट्टी बसवलेली असते ना. जाणकाराला विचारलं तर तो अगदी थंडपणे म्हणाला, पाय काप. म्हणजे सगळेच कापतात! मग एका शनिवारी दुपारी मी कटर घेऊन बसलो आणि ओळीनं शहाण्णव पाय गुडघ्याखाली छाटले. मुलगी मैत्रिणीला घेऊन खोलीत आली, टेबलावरचा तो पायांचा ढीग बघितला आणि काही न बोलता दोघी परत गेल्या. खिडकीतून मात्र माणसं झकास दिसतात. डबे आता कपाटात काचेमागे असतात, सगळे प्रवासी आपले हसतमुखानं पुढे बघत बसलेले.

तर मालगाडी. हिच्यातली सातवी वाघीण, तपकिरी, बंद, सहा इंच लांब, दिसायला अगदी गरीब. दर तिसऱ्या चौथ्या फेरीला खिडकीजवळच्या सांध्यावर, म्हणजे एका रुळातून दुसरा रूळ फुटतो तिथे, ती घसरायची. एकदम पडायची नाही, तेही एक वेळ परवडलं असतं. पुढच्या बोगीचं एक चाक हळूच रुळावरून उतरायचं आणि तशीच स्लीपरांवरून टकटकटकटक करत अर्धा लेआउट फिरायची, आणि पुढचा सांधा आला की मागच्या सात जणींना घेऊन आडवी व्हायची.

या छंदात निदानाचा एक जुना नियम आहे. एकच वाघीण अनेक जागी घसरत असेल तर दोष वाघिणीत. अनेक वाघिणी एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळात. माझ्याकडे एकच वाघीण आणि एकच जागा. मी नियम सोयीनं वाचला आणि वाघिणीला धरलं. रूळ मी स्वतः टाकलेत ना!

आधी वजन. अमेरिकेतली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९३५ पासूनची, तिचं याबाबतीत एक सूत्र आहे, एचओ डब्याला मुळात एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला वर अर्धा औंस. सहा इंचाला चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा आणला. वाघीण भरली एकसष्ट ग्रॅम. आणि मागे सात तगड्या वाघिणी, पुढे इंजिन ओढतंय, मधे ही काडीपैलवान! वळणावर दोरी ताणली जाते तशी ती आतल्या बाजूला खेचली जाणारच. मला इतका आनंद झाला की मी रात्रीच छप्पर काढून आत लोखंडी नट चिकटवले आणि ११३ ग्रॅम काट्यावर पुन्हा पुन्हा बघितले. (नटच का, तर मागे एका टाकीच्या वाघिणीत शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात कालवून भरले होते. काही महिन्यांनी शिसं आणि गोंदाचं आतल्या आत काहीतरी बिनसलं, ते मिश्रण फुगलं आणि टाकी मधोमध तडकली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.)

दुसऱ्या दिवशी सांध्यावरून सुरळीत गेली. पुढे सरळ रुळावर मात्र, जिथे आजवर कधी काही झालं नव्हतं, तिथे वाघिणीनं अचानक पुढच्या वाघिणीच्या अंगावर झेप घेतली, कपलिंग सैल पडलं, उघडलं आणि गाडीचे दोन तुकडे. आधी वाटलं भास झाला. परत चालवली, परत झेप. मग डोक्यात उजेड पडला, तिथे रुळाखाली मी लोहचुंबक पुरलंय. कपलिंगखाली जी वाकडी तार लोंबत असते ती खेचून हात न लावता डबे सोडवायचे, अशी ती सोय. आणि आता मी वाघिणीच्या पोटात बावन्न ग्रॅम लोखंड भरून तिला त्याच्यावरून नेत होतो. नट काढताना छपराचा एक कोपरा गेला. त्यांच्या जागी पितळेचे तुकडे घातले.

मग परत सांध्यावर घसरली.

मग बोग्यांचे स्क्रू. एक बोगी चारही बाजूंना डुलेल इतकी सैल ठेवायची आणि दुसरी फक्त वळेल इतकी घट्ट, म्हणजे डबा तीन पायांवर उभा राहिल्यासारखा होतो, आणि तिपाई कधी डगमगत नाही. स्क्रू पाव फेरा सैल, बघ, परत पाव फेरा. यात एक अख्खा रविवार गेला. मग प्लॅस्टिकची चाकं काढून धातूची बसवली, प्लॅस्टिकला काळी चिकट घाण फार बसते. त्यातला एक ॲक्सल उलटसुलट झाला. रुळांतून वीज वाहते म्हणून ॲक्सलच्या एका बाजूचं चाक इन्सुलेट केलेलं असतं ना, एका बोगीतले दोन्ही ॲक्सल एकाच दिशेनं बसवले तर बिघडत नाही, पण धातूच्या बोगीत एक इकडे एक तिकडे झाला की बोगीतूनच शॉर्ट! गाडी जागच्या जागी मेली आणि मी पाऊण तास कंट्रोलरला शिव्या घालत बसलो.

चाकं काढलीच होती म्हणून जुन्या चाकांना अंतर मोजायचं पत्र्याचं गेज लावून बघितलं तर पुढच्या बोगीतल्या एका जोडीची चाकं एकमेकांना किंचित जवळ होती. केसभर. बोटांनी पिळून बाहेर ओढली तर जागेवर आली. म्हणजे इतके दिवस एवढंच होतं? पण तसं असेल तर ती बाकीच्या चार सांध्यांवरून बिनबोभाट कशी जायची? हा प्रश्न मला पडला, आणि मी तो पडू दिला नाही.

मुलगी बाजूला उभी होती. तिनं सांध्याच्या अलीकडे रुळावरून सहज नख फिरवलं.

"बाबा, इथे अडकतंय."

"काही अडकत नाही."

"अडकतंय. बघ ना."

मी नख फिरवलं. अडकत होतं. दोन रूळ जिथे जोडलेत तिथे एक रूळ फिशप्लेटच्या, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, आत न जाता तिच्या वर चढून बसला होता. मीच बसवला होता, एका रात्री, घाईत. बाकी तेरा जणी तो उंचवटा निमूट सहन करत होत्या, हिची चाकं जवळ असल्यामुळे हिलाच तेवढी ठेच लागत होती. दोघांचाही थोडा थोडा दोष. माझ्या नियमात हेही होतं म्हणा, एकच वाघीण आणि एकच जागा असेल तर दोन्ही तपासा. मी ते वाचलं होतं. "तुझा अभ्यास झाला का?" असं मी मुलीला विचारलं.

जोड कापला, नवी फिशप्लेट घातली, कानशीनं घासून नखाला कळणार नाही असा केला. मग घरातल्या सगळ्यांना बोलावलं. बायको आली, कानातलं घालून आली होती.

पहिली फेरी. सातवी वाघीण सांध्यावरून अशी गेली की जणू तिथे सांधा नव्हताच. दुसरी. तिसऱ्या फेरीला मी सवयीनं सांध्याखाली ओंजळ धरून उभा होतो, ती काढून घेतली. चौथी. बायको म्हणाली, "छान चाललीये हो," आणि मला खरंच भरून आलं, कारण नऊ वर्षांत तिनं हे वाक्य इंजिन सोडून दुसऱ्या कशाबद्दल म्हटलेलं नव्हतं.

आमचे सगळ्यांचे डोळे सांध्यावर. पलीकडच्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली, वळली, आमच्याकडे आली. शेवटी काहीतरी कमी आहे असं मला वाटलं, पण सातवी वाघीण सांध्याजवळ येत होती, तिच्यावरून नजर काढवेना.

"बाबा, गार्ड कुठंय?"

"गार्ड हरवला गं गेल्या महिन्यात."

"तसं नाही. गार्डचा डबा."

गार्डचा डबा बोगद्यात होता. बिनस्प्रिंगची मूठ आतल्या चढावर उघडली होती आणि तो तिथेच थांबला होता, एकटा, अंधारात. गाडी गोल फिरणारी. इंजिन आमच्यासमोरून ऐटीत बोगद्याकडे निघालं होतं, स्वतःच्याच शेपटीच्या दिशेनं. मी कंट्रोलरवर झडप घातली आणि बटण उलट्या बाजूला फिरवलं.

आतून आधी एक ठोका ऐकू आला, मग एकामागून एक, मग बाहेर राहिलेल्या वाघिणी दोन्ही बाजूंना पसरत गेल्या, आणि मला त्या धरायला जाताना कोपर लागलं ते वेगळंच. सगळं शांत झाल्यावर मुलगी टेबलावर वाकली आणि मोजायला लागली. एकशे बारापैकी आठ चाकं रुळांवर होती. आठही सातव्या वाघिणीची.