सुटलं, धन्यवाद!

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमची नवी आवृत्ती आलीय, कोपऱ्यातली खिडकी 'अपग्रेड करायचं का?' म्हणून रोज विचारतेय, आणि तुम्ही अजून विचारच करताय? विचार करणारी माणसं जुन्याच आवृत्तीवर सुखाने कामं उरकत बसलेली असतात. त्यांच्या नादी लागू नका. मी परवाच यातून गेलोय, तेव्हा अनुभवाचे चार बोल फुकटात देतो.

बॅकअप घेऊ नका. अपशकुन होतो.

मुहूर्त मात्र नीट निवडा. सकाळी काहीतरी सादर करायचं असेल त्याच्या आदल्या रात्री, साडेअकराच्या सुमारास सुरुवात करावी. उबुंटू या लिनक्सच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीवर असाल तर आणखी एक गंमत करता येते. नवी एलटीएस दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते, पण जुन्या एलटीएसवाल्यांना तिचं आमंत्रण पहिली सुधारित आवृत्ती निघाल्यावरच मिळतं. २०२४ मध्ये २४.०४.१ यायला ऑगस्टची अखेर उजाडली होती. मधल्या काळात चुका इतरांच्या मशीनवर सापडाव्यात आणि निस्तरल्या जाव्यात, एवढाच त्यामागचा क्षुद्र हेतू. जुन्या एलटीएसलाही पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत असतात, म्हणजे घाई कसलीच नसते. म्हणूनच तुम्ही अपग्रेडच्या कमांडला 'डी'चं शेपूट लावून आधी घुसा. चुका आपण शोधायच्या नाहीत तर कोणी?

पीपीए, म्हणजे उबुंटूबाहेरचे सॉफ्टवेअरचे साठे, जमवले असतील तर उत्तम. अपग्रेड करणारा प्रोग्राम ते आपणहून बंद करतो. त्याला काय कळतंय! काम झाल्याझाल्या सगळे परत चालू करा, जुन्या आवृत्तीच्या नावासकट.

बूटचं पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींची जागा, भरलंय म्हणून अडलं तर जुने कर्नल (सिस्टमचा गाभाच तो) धडाधड उडवा. ज्याच्यावर मशीन या क्षणी चालू आहे, तोही.

आता प्रगतीची पट्टी हलायला लागली की खुशाल झोपायला जा. सकाळी उठून बघाल तर पट्टी रात्री होती तिथेच. मध्यरात्री तिने एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर द्यायच्या वेळी तुम्ही घोरत होतात. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगची नवी फाइल आली आहे, पण तुमच्याकडची फाइल बदललेली दिसतेय, काय करू? पॅकेजवाल्यांची घेऊ, आहे ती ठेवू, की दोन्हींतला फरक दाखवू?

फरक बघू नका. मी नाही बघितला. मी कशाला त्या फाइलला हात लावायला जातोय, असं म्हणून मी ऐटीत पॅकेजवाल्यांची फाइल घेतली. मशीन सुरू झालं. वॉलपेपर नवा, आयकॉन गुळगुळीत, सगळं झकास. फक्त ब्राइटनेसच्या कळा मेल्या. म्हणजे कळ दाबली की पडद्यावर ती छोटी पट्टी इमानेइतबारे खालीवर व्हायची, उजेड मात्र जागचा हलायचा नाही. रात्री स्क्रीनसमोर बसलं की कोणीतरी तोंडावर टॉर्च मारून चौकशी करतंय असं वाटायचं.

हा 'किरकोळ' प्रश्न. असा प्रश्न सोडवायची रीत म्हणजे नेटवर शोधणे. मी शोधलं. माझंच मॉडेल, माझीच आवृत्ती, शब्दाला शब्द माझीच तक्रार! आनंदाने डोळे भरून आले. खाली अकरा उत्तरं. पहिला म्हणतो बायॉस अपडेट करा. दुसरा म्हणतो, माझ्याकडे तर चालतंय. (अभिनंदन हो. पेढे कधी?) तिसरा म्हणतो, सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करा. म्हणजे बल्ब गेला की घर पाडायचं. चौथा म्हणतो, ही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा हा अवतार, वापरताच कशाला? पाचव्याने सुडोने, म्हणजे मशीनवरचे सगळे अधिकार हाती देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी लांबलचक कमांड दिलीय. ती काय करते हे त्याने सांगितलेलं नाही आणि तीन जणांनी ती चालवून त्याचे आभारही मानलेत. बाकीचे एकमेकांशी पडद्यावर चित्र उमटवायला वेलँड बरं की एक्स११ बरं यावर भांडतायत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं संमेलन नुसतं. आणि सगळ्यात शेवटी मूळ तक्रार करणारा महापुरुष परत येतो आणि लिहितो, 'सुटलं, धन्यवाद.'

बस्स. एवढंच.

कसं सुटलं? कर्नल बदललास? फाइल बदललीस? नवस बोललास? अरे, दोन शब्द लिहायला दोन सेकंद लागले, आणखी एक ओळ लिहिली असतीस तर बोटं झिजली असती का? तुझी अडचण होती तेव्हा तीन परिच्छेद लिहिलेस, मॉडेल नंबरसकट, लॉगच्या दोनशे ओळींसकट. उत्तर सापडल्यावर तोंडात मिठाची गुळणी!

असो. आपण सल्ले देत होतो.

पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपने 'एक्सटर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार दिला तर तो सुचवतो तसं वेगळं एन्व्हायर्नमेंट बनवत बसू नका. 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय जोडा. काय मोडणार ते नावातच लिहिलंय. इतकं प्रामाणिक नाव अख्ख्या लिनक्समध्ये दुसरं नसेल.

गनोम या डेस्कटॉपची एक्स्टेन्शन बंद पडली तर ती लिहिणाऱ्याला खरमरीत पत्र धाडा. २०२३ मध्ये गनोम ४५ ने एक्स्टेन्शनची इम्पोर्ट करायची पद्धतच बदलली आणि प्रत्येकाला आपापला कोड नव्याने बसवावा लागला, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. फुकट राबणाऱ्याला झापण्याचं सुख वेगळंच.

हेडफोन लावल्यावरही आवाज मॉनिटरमधून येत असेल तर रिस्टार्ट करा. मग परत करा.

तर ब्राइटनेस. दोन रात्री जागून, कर्नल दोनदा मागेपुढे करून झाल्यावर मी हताशपणे ग्रबच्या फाइलचा फोल्डर उघडला. तिथे माझी जुनी फाइल, शेवटी 'यूसीएफ-ओल्ड' लावून, मुकाट्याने बसलेली. बदललेली फाइल टाकून न देता बाजूला ठेवायची, एवढं शहाणपण त्या प्रोग्रामला होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. आत कर्नलच्या ओळीत एक जादा शब्द होता, एसीपीआय बॅकलाइटचा, म्हणजे पडद्याच्या उजेडाचा. तो नव्या फाइलमध्ये टाकला, तो लागू व्हावा म्हणून अपडेट-ग्रब ही कमांड चालवली, रिस्टार्ट केलं, आणि उजेड मुकाट कमी झाला.

तो शब्द तिथे टाकला कोणी? मीच. तीन वर्षांपूर्वी, अशाच कुठल्यातरी रात्री. शेजारी एक अक्षर लिहिलेलं नाही. का टाकला, कुठून मिळाला, काही नाही. स्वतःलाच 'सुटलं, धन्यवाद' म्हणून झोपायला गेलो असणार.

हसू नका. तुमच्या फाइली उघडून बघा आधी. कुठेतरी सापडलेली ओळ चिकटवता, चाललं की टॅब बंद करता आणि दोन वर्षांनी अपग्रेडने ती उडवली की त्याच्या नावाने बोटं मोडता. तो बिचारा विचारत होता ना, फरक दाखवू का म्हणून? दाखव म्हणायला काय जात होतं? ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाकून 'ब्राइटनेससाठी' असा एक शब्द लिहायला काय जात होतं? स्वतःच्या मशीनला आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि शिव्या डिस्ट्रोला. लाज वाटली पाहिजे. मला वाटली.

ग्रबच्या फाइलमध्ये आता तारखेसकट दोन ओळींचं टिपण आहे. त्या महापुरुषाच्या 'सुटलं, धन्यवाद'खाली उत्तरही लिहायला गेलो होतो, पण तो धागा 'प्रश्न सुटला' म्हणून कुलूपबंद केलेला आहे.

हेडफोनचा आवाज अजून मॉनिटरमधूनच येतोय.