कवळी ब्लीचमध्ये रात्रभर ठेवू नका
लेखात कवळी निर्जंतुक करायला ब्लीचचं पाणी सुचवलंय, पण किती वेळ ठेवायचं ते लिहिलेलं नाही. कृपया तेवढं जोडा. माझ्या आईने ती रोज रात्रभर त्यात बुडवून ठेवली. काही महिन्यांत कवळीच्या हिरडीचा गुलाबी रंग पांढुरका पडला, तिच्या अ‍ॅक्रिलिकमधले (प्लास्टिकमधले) ते केसासारखे लाल धागेसुद्धा दिसेनासे झाले. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट रंगच उडवतं. पातळ करून घेतलं तरी 10 मिनिटांच्या वर नको, आणि नंतर कवळी खळखळून धुवायची. तारेचे हूक असतील तर अजिबातच नको, धातू गंजतो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं उलटं, त्याने तपकिरी डाग चढतात. आता आई कवळी मऊ ब्रशने घासते आणि रात्री वाटीत साधं गार पाणी घेऊन त्यात ठेवते.