बाजारपेठ सुंदर करायचीय? आधी शेजाऱ्याचा बोर्ड काढायला सांगा

गाव सुंदर करायचं खूळ कुणाच्याही डोक्यात शिरू शकतं. आमच्याकडं ते साधारण दिवाळीच्या आधी शिरतं, नाहीतर कुणाचा तरी पोरगा पुण्याहून सुट्टीला येऊन "काय अवकळा आलीय पेठेला" म्हणाला की शिरतं. तुमच्याही डोक्यात शिरलं असेल तर घाबरू नका, मी यातून पार होऊन आलोय, अनुभवाचं बोलतो.

पहिल्यांदा एस्टी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंत एक चक्कर मारा आणि वर बघा. आमच्या पेठेत वर बघितलं की आभाळ दिसत नाही, बोर्ड दिसतात. एकाच्या खाली दुसरा, दुसऱ्याला टेकून तिसरा, त्यात एक मोबाईलवाल्याचा पळणाऱ्या लाल अक्षरांचा, ज्याच्यावर गेली दोन वर्षं "गणेशोत्सवानिमित्त भव्य सू" एवढंच पळतंय कारण पुढचा भाग गेलाय. एका गल्लीत तीन भेळवाले आहेत आणि तिघांच्याही बोर्डावर "आमची कोठेही शाखा नाही" असं लिहिलंय, तिघं सख्खे चुलतभाऊ. हे सगळं बघून तुम्हाला वाईट वाटलं तर समजा की तुमचं स्वतःचं दुकान नाही. दुकान असलं की माणसाला फक्त एकच गोष्ट दिसते, शेजाऱ्याचा बोर्ड आपल्यापेक्षा किती पुढं आलाय.

याचं शास्त्र आहे, नीट समजून घ्या. शेजाऱ्यानं एक फूट बाहेर काढला की तुम्ही दीड काढायचा. त्यानं दोन केला की तुम्ही आडव्याचा नाद सोडून उभा लावायचा, रस्त्याला काटकोनात, म्हणजे देवळाकडून येणाऱ्यालाही दिसेल आणि स्टँडकडून येणाऱ्यालाही. मग तो लाईट लावणार, मग तुम्ही उघडझाप करणारी लाईट लावणार, मग तो एसीपीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यानं अख्खा दर्शनी भागच झाकून टाकणार आणि त्याच्यावर माणसाएवढी अक्षरं ठोकणार. शेवटी दोघांचेही बोर्ड कुणाला वाचता येत नाहीत कारण मधल्या तिसऱ्यानं तेवढ्यात अडीच फूट काढलेला असतो. आमच्याकडं एका साडीच्या दुकानानं "पैठणी" अशी मोठी कापीव अक्षरं वरच्या मजल्यापर्यंत नेली, आणि वर राहणाऱ्या काकूंच्या खिडकीसमोर नेमका "ठ" आला. काकू आता पालखी त्या "ठ"च्या पोटातून बघतात. तक्रार नाही त्यांची, म्हणतात बसून नीट दिसतं.

आता तुम्हाला कुणीतरी म्हातारा माणूस सांगेल की पूर्वी असं नव्हतं. त्याचं ऐकू नका. पूर्वी पेंटर होता. पत्र्याची पाटी, ऑइल पेंट, अक्षराला मागून सावली, एका कोपऱ्यात बारीक सही. एका पाटीला आठवडा घ्यायचा आणि रोज दोन चहा. एवढा खर्च आणि एवढा वेळ म्हटल्यावर माणसं लहानच पाटी करायची आणि वीस वर्षं तीच पुसून पुसून वापरायची. आणि हा पेंटर काय करायचा माहितीये का, आमचे वडील सांगतात, की दुकानदाराला रंग निवडूच द्यायचा नाही. "तुमच्या डावीकडं निळी हाय, उजवीकडं हिरवी हाय, तुम्ही मरून रंग घ्या" म्हणायचा आणि मरून लावून मोकळा. म्हणजे अख्ख्या पेठेचा नकाशा एका माणसाच्या डोक्यात, ना ठराव ना समिती, आणि सव्वाशे दुकानांची अक्षरं एकाच हाताची. असल्या हुकूमशाहीत लोक कसे जगले असतील देव जाणे. तो पेंटर आता भिंतींवर "येथे वाहने उभी करू नयेत" लिहितो, अजूनही सावली देऊन.

फ्लेक्स आला आणि आपण मुक्त झालो. चौरस फुटाचा भाव, सकाळी सांगा संध्याकाळी लावा, आणि मोठा केला तर जरा अजून कमी करून देतो म्हणतो, मग लहान करून नुकसान कशाला करून घ्यायचं? शिवाय फ्लेक्सला आपोआप एकसारखेपणा येतो हे लोकांच्या लक्षात येत नाही. उन्हात आधी पिवळा आणि लाल रंग उडतो, निळा मागं राहतो, त्यामुळं दोन उन्हाळ्यांत हॉटेलची मिसळ, सराफाचा हार आणि वाढदिवसाचा साहेब तिघंही एकाच निळ्या रंगाचे होतात. जे काम समितीला जमलं नाही ते सूर्यानं केलं.

खर्च वाचवायचा असेल तर कंपनीचा बोर्ड घ्या. फुकट असतो. कंपनीचा माणूस येतो, माप घेऊन जातो, आणि पंधरा दिवसांत तुमच्या किराणा दुकानावर बारा फूट थंड पेयाची बाटली आणि खाली कोपऱ्यात, चष्मा लावून बघितलं तर, तुमचं नाव. आमच्या एका अख्ख्या रांगेनं एकाच कंपनीचे घेतले. लांबून बघितलं तर वाटतं की इथं फक्त थंड पेयच मिळतं, अगदी औषधाच्या दुकानातसुद्धा. पण रंग बघा कसा एकसारखा! याला म्हणतात सहकार्य.

कायद्याची भीती बाळगू नका. २०२२ साली राज्यानं दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली, की लहान असो मोठं असो प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत पाहिजे आणि मराठी अक्षर बाकीच्या अक्षरांपेक्षा लहान नको. मुंबईचे व्यापारी कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टानं दोन महिने दिले, २५ नोव्हेंबर २०२३ ही मुदत होती. आमच्याकडं ही बातमी आल्यावर मातृभाषेची जी सेवा झाली ती डोळ्यांत पाणी आणणारी होती. "द रॉयल मेन्स वेअर अँड फॅशन हब" असं शुद्ध देवनागरीत दोन फूट उंचीनं लिहून लोक छाती काढून उभे राहिले. त्याच दुरुस्तीत असंही आहे की दारूच्या दुकानाला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्याचं नाव द्यायचं नाही. नाक्यावरच्या बारनं लगेच किल्ल्याचं नाव उतरवलं आणि तो किल्ला ज्या डोंगरावर आहे त्या डोंगराचं ठेवलं. गिऱ्हाईक चुकलं नाही एकही.

आता मुख्य काम, मीटिंग. व्यापाऱ्यांची मीटिंग घ्यायचीच, कारण बोर्डाचा प्रश्न एकट्यानं सुटत नाही. विषय ठेवा, "सर्व बोर्ड एकाच मापाचे". यावर पाच मिनिटांत एकमत होतं, खोटं सांगत नाही, टाळ्या पडतात. मग कुणीतरी विचारतं, कोणतं माप? तेव्हा प्रत्येकजण आपल्या सध्याच्या बोर्डाचं माप सांगतो. रात्री साडेअकराला चहा तिसऱ्यांदा येतो आणि ठरतं की आधी नव्या दुकानदारांना लागू करू. नवा दुकानदार मीटिंगला बोलावलेला नसतो.

मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. मी मीटिंगमध्ये मुंबईच्या दादाभाई नौरोजी रोडचं उदाहरण दिलं. क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंतचा तो रस्ता, जुन्या दगडी इमारती, खाली चालायला कमानींच्या ओवऱ्या, आणि त्या कमानींवर जो तो आपला बोर्ड ठोकत गेल्यामुळं दगड दिसेनासा झालेला, म्हणजे थोडक्यात आमचीच पेठ पण श्रीमंत. १९९०च्या दशकाच्या शेवटी आभा नारायण लांबा नावाच्या वास्तुविशारद बाईंनी त्या रस्त्याच्या पाट्यांचा अभ्यास केला. बोर्ड कमानीच्या आत बसवायचा, नक्षीवर आणि खांबावर चढवायचा नाही, अशी साधी सूत्रं. गंमत म्हणजे तिथले दुकानदार आणि रहिवासी एकत्र आले, संघटना केली आणि लोकांनी स्वतःच्या खिशातून बोर्ड बदलले. २००४ साली युनेस्कोचं आशिया-पॅसिफिक विभागाचं पारितोषिक पण मिळालं त्या कामाला. हे मी सांगितलं आणि शांतता पसरली. मग एकजण म्हणाला, "स्वतःच्या खिशातनं?" दुसरा म्हणाला त्यांच्याकडं कमानी आहेत हो, आपल्याकडं काय झाकलं गेलंय? मी जयपूरचं पण काढलं, की तिथं जुन्या शहरात सगळ्या दुकानांना पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं असतात, तर म्हणाले मग तिथं माणूस दुकान ओळखतो कसा. मी म्हटलं वाचून. हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं.

आपल्याकडं काय झाकलंय ते मागच्या वर्षी दोन दिवस दिसलं होतं. एका कापड दुकानानं जुना बोर्ड उतरवला आणि नवा यायचा होता. त्या पत्र्यामागं सागवानी माडी निघाली. घडीव खांब, तुळईला कोरलेले पोपट, कठड्याला वेलबुट्टी, एका खणात तर जुना निळा रंग अजून जसाच्या तसा. लोक थांबून वर बघायला लागले, एकानं मोबाईलवर फोटो काढला, शाळेची पोरं पोपट मोजायला लागली, सात भरले. मालक स्वतः रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला, पंचवीस वर्षं त्याच दुकानात बसलेला माणूस, म्हणाला आजोबांनी केलेलं दिसतंय. तिसऱ्या दिवशी नवा बोर्ड आला. आधीच्यापेक्षा दोन फूट उंच, म्हणजे पोपटांना पावसाची झळ पण लागायला नको.

उंचीवरनं आठवलं, घाटकोपरला १३ मे २०२४ला वादळात जे होर्डिंग पेट्रोल पंपावर पडलं ते दोन्ही बाजूंनी शंभर फुटांहून मोठं होतं, परवानगी मिळते ४० बाय ४०पर्यंत, आणि १७ माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडं पण तातडीची बैठक झाली. ठराव झाला की सर्वांनी आपापल्या बोर्डाचं वेल्डिंग तपासून घ्यावं. मापाचा विषय कुणी काढला नाही. वेल्डिंगवाल्याला मात्र महिनाभर सवड नव्हती.

एवढं सगळं झाल्यावरही काहीतरी करून दाखवायची हौस राहिलीच असेल तर आम्ही केलं ते करा. आम्ही "सुंदर पेठ समिती" काढली आणि तिची माहिती लोकांना व्हावी म्हणून चौकात एक फ्लेक्स लावायचं ठरलं. वर्गणी एका संध्याकाळीत जमली. बोर्ड लहान करायला जो एक रुपया काढत नव्हता त्यानं पाचशे दिले, कारण फोटो येणार होता. बत्तीस फोटो. कोण वर कोण खाली यावर दोन मीटिंगा, मार्गदर्शकांचे गोल, आधारस्तंभांचे चौकोनी, युवा नेतृत्वाचे गॉगल घालून. वीस बाय तीस, आणि वर "आपली पेठ, सुंदर पेठ, विनाअडथळा पेठ". तो लागला आणि मागची नऊ दुकानं दिसेनाशी झाली, त्यात एक माझं. कामाच्या दृष्टीनं बघाल तर नऊ बोर्डांचा प्रश्न एका रात्रीत सुटला. गिऱ्हाईक फोन करून पत्ता विचारायचं, मी सांगायचो सुंदर पेठेच्या मागं.

जूनच्या पहिल्या वाऱ्यात तो एका बाजूनं सुटला. नगरपालिकेचा माणूस यायच्या आत माझ्या मामानं उतरवून नेला, मजबूत माल आहे म्हणाला, आणि गोठ्यावर टाकला. मी परवा गेलो होतो तिकडं. बत्तीसच्या बत्तीस जण ओळीत आहेत, कुणी वर कुणी खाली, आता निळे पडलेत सगळे पण एकही जण सोडून गेलेला नाही. फक्त अध्यक्षांच्या तोंडाच्या जागी भोक पडलंय, मामा म्हणतो शिवून घेतो, पण सध्या त्यातनं वासरू बाहेर बघतं.