म्हातारपण : कमाल मर्यादा दीड लाख

जानेवारी लागला की ऑफिसातली हसतीखेळती माणसं एकदम गंभीर होतात. एचआरची मेल आलेली असते : गुंतवणुकीचे पुरावे अमुक तारखेपर्यंत अपलोड करा, नाहीतर मार्चच्या पगारातून कर कापला जाईल. मग एलआयसीच्या पावत्या शोधत कपाटं उपसली जातात आणि त्यात लग्नाचा अल्बम सापडतो, पावती नाही.

यंदा मी ठरवलं, नुसत्या पावत्या चढवायच्या नाहीत, प्रकरण समजूनच घ्यायचं. प्रश्न साधा होता. नोकरी करता करता म्हातारपणासाठी वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे बाजूला टाकले, तर सरकार त्यांना हात लावणार नाही? आमचा साडू सीए आहे. त्याला फोन लावला.

"कुठले पैसे दादा? तुमचे की कंपनीचे? जुन्या रेजीममध्ये की नव्या? आणि कर कशावरचा? भरलेल्या रकमेवरचा की व्याजावरचा?"

मी म्हटलं, "तू आधी जेवून घे."

जेवणानंतर त्याने जे सांगितलं ते असं. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, याच्या १२ टक्के पीएफ आपला कापला जातो. जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत, त्यावर आयकर कायद्याच्या कलम ८०सीखाली सूट मिळते, पण सगळं मिळून दीड लाखापर्यंतच. आणि त्या दीड लाखात पीएफ एकटा नसतो. विम्याचा हप्ता, पीपीएफ, पोरांची ट्यूशन फी, गृहकर्जाची मुद्दल, सगळे लोकलच्या चौथ्या सीटसारखे अर्धे आत अर्धे बाहेर बसलेले. ही मर्यादा २०१४ च्या अर्थसंकल्पात एक लाखाची दीड लाख झाली आणि तिथेच थांबली. शाळेच्या फीला हे कोणी कळवलेलं दिसत नाही. शिवाय एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, स्वतः भरलं तर वरचे ५० हजार. इथवर मला सगळं समजत होतं.

"पण तुम्ही तर नव्या रेजीममध्ये आहात," साडू म्हणाला.

२०२३-२४ पासून नवी रेजीम आपोआप लागते, जुनी मागून घ्यावी लागते. नवीत दीड लाख नाहीत आणि ५० हजारही नाहीत. एनपीएसचं म्हणाल तर, कंपनीने आपल्या नावावर भरलेल्या रकमेवर सूट मिळते, आणि तीही जुन्यापेक्षा जास्त : खाजगी नोकरीत जुन्या रेजीममध्ये पगाराच्या १० टक्के, नवीत १४. मी हरखून एचआरमधल्या मुलीला विचारलं, आपली कंपनी भरते का?

"भरते ना सर! तुमच्या सीटीसीतूनच, म्हणजे पगाराच्या पॅकेजातूनच."

बरं, कलमांचे आकडे पाठ करावेत, तर १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदाच नवा. ८०सी म्हणजे आता कलम १२३. साडूच्या चेहऱ्यावर तेव्हापासून जे तेज आलंय ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग मी म्हटलं, सूट गेली खड्ड्यात, व्हीपीएफ, म्हणजे स्वखुशीने भरायचा जादा पीएफ, वाढवून व्याज तरी खातो. तर तिथेही रेघ. एप्रिल २०२१ पासून आपल्या वाट्याचा पीएफ वर्षाला अडीच लाखांपुढे गेला, की पुढच्या रकमेच्या व्याजावर कर. बचत करा म्हणून सांगणारं सरकार, खरंच कोणी करायला लागला की त्याच्याकडे संशयाने बघतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणखी एक रेघ साडेसात लाखांची : पीएफ, एनपीएस, सुपरअॅन्युएशन (कंपनीचा निवृत्ती निधी) मिळून कंपनीने वर्षात त्याहून जास्त भरलं, तर वरची रक्कम आपलं उत्पन्न. हिच्याबद्दल मी खोदून खोदून शंका विचारल्या. साडू बराच वेळ ऐकून म्हणाला, "दादा, तुमचा पगार बघता ही सोडून द्या."

सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त. त्यांना यातलं काहीच कळत नाही आणि कळायची गरजही नाही. "जावईबापू, आम्ही काय भरलं? ५८ झाली, हार-नारळ घेतला, पेन्शन चालू!" नोव्हेंबर २००५ पासून जे राज्य सरकारच्या नोकरीत लागले त्यांना हे सुख नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना सोफ्यावरून कडक पाठिंबा दिला होता.

"पण पेन्शन तर तुम्हालाही आहे की," ते म्हणाले. आहे. पीएफपोटी कंपनीही १२ टक्के भरते, त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. मात्र पगार कितीही असो, हिशोब १५ हजारांवर, म्हणजे महिना १,२५० रुपये. ही रेघही २०१४ चीच. त्या वर्षी मोजपट्टी हरवली असावी. सूत्र सोपं आहे : पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. मी कागद घेतला. १५ हजार गुणिले ३५, भागिले ७०. साडेसात हजार.

बायकोने खांद्यावरून डोकावून आकडा पाहिला.

"बरे आहेत की. आठवड्याला ना?"