'खरं असेल तर पोलिसांत जावं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लैंगिक छळ खरंच झाला असेल तर मुलीने सरळ पोलिसांत जावं. अशा तक्रारी ऐकणाऱ्या कॉलेजच्या समितीकडे दोन महिन्यांनी आलेल्या तक्रारीत पाणी मुरतंय असं समजावं. या समित्यांपायी मुलांची आयुष्यं बरबाद होतात, म्हणून ऐरोलीत इंजिनिअरिंगला असलेल्या तुमच्या मुलाला तुम्ही 'मुलींशी बोलूच नकोस' असं बजावलंय.

आधी त्या दोन महिन्यांचं बोलू. मी नवी मुंबईत शिकवते, समितीवरही काम केलंय. प्रॅक्टिकलच्या बॅच रोल नंबरने पडतात. ज्याने अंगाला हात लावला तो तिच्याच बॅचमध्ये, त्याच टेबलावर. रीडिंग दोघांनी मिळून घ्यायची, तोंडी परीक्षेला तिच्यामागे त्याचा नंबर. संध्याकाळी ठाण्याची ट्रान्स-हार्बर लोकल पकडायला फलाटही तोच. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर टर्म अडकते, म्हणून घरी बसायची सोय नाही. आणि घरी सांगितलं तर कॉलेजच बंद करतील ही धास्ती. अशा मुलीला तोंड उघडायला दोन महिने लागले, तर मला त्यात संशय घेण्यासारखं काही दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५च्या नियमावलीनेही तक्रारीला तीन महिने दिलेत, सबळ कारण असेल तर आणखी तीन.

पोलिसांचा रस्ता कुणी बंद केलेला नाही. गुन्हा वाशीत घडला तरी ठाण्यातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. बलात्कार झालेल्या मुलीवर मोफत उपचार करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. 'आधी एफआयआर आणा' म्हणता येत नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर तितकी बरी, म्हणून हे प्रत्येक मैत्रिणीला ठाऊक असायला हवं. मुलगी अकरावी-बारावीची, १८ वर्षांखालची असेल तर पॉक्सो या बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे कॉलेजला निवड नाही. पण पोलीस तिची बॅच बदलून देत नाहीत. ते समिती करू शकते: चौकशी चालू असताना दोघांपैकी एकाची तुकडी बदलणं, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, आरोप शिक्षकावर असेल तर तिचे पेपर त्याच्याकडे जाऊ न देणं. पोलिसांत जायचं तिने ठरवलं तर तिला मदत करणं हेही कॉलेजचंच काम आहे.

आता तुमच्या मुलाचं. त्याच्यावर कधी तक्रार झालीच, तर तिची प्रत त्याला मिळते, उत्तराला दहा दिवस मिळतात, साक्षीदार देता येतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि नावं बाहेर फुटू द्यायची नसतात. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाई होते. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. समितीवाचून काय उरतं? कॅन्टीनमधली कुजबुज आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे स्क्रीनशॉट. तिथे तुमच्या मुलाला बाजू मांडायला कोण देणार?

समित्या धड चालत नाहीत, असं लिहिलं असतंत तर मी लगेच मान डोलावली असती. एका कॉलेजात समितीचा फलक झेरॉक्सच्या कपाटामागे होता आणि त्यावर निवृत्त झालेल्या मॅडमचा नंबर. विद्यार्थी प्रतिनिधी निवडून यायला हवेत, ते स्टाफरूममध्ये ठरतात. विभागप्रमुखांनी सदस्य असू नये असा स्पष्ट नियम असताना तेच बसतात आणि 'माफीनामा घे, मिटव' म्हणून मुलीला गळ घालतात. समेट फक्त तिने स्वतः मागितला तरच करता येतो. याचा मला मनापासून संताप येतो.

तेव्हा पुढच्या पालकसभेत तेवढं विचाराच: समितीवर कोण कोण आहे, बाहेरच्या संस्थेची व्यक्ती कोण, मुलांमधून कोण निवडून आलं. आणि घरी मुलाला सांगा, वर्गातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने असं काही सांगितलं तर 'तू तेव्हा ओरडली का नाहीस' असं विचारू नकोस. पूर्ण ऐकून घे, तिला काय करायचंय ते विचार आणि ती म्हणेल तिथे सोबत जा.