निपाणीची बिडी, बंगळूरचा हक्क

आमची आत्या कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली कातरलेली पानं. मजुरी हजारावर. संध्याकाळी माल तपासताना जेवढी छाट निघेल तेवढ्या बिड्यांचे पैसे बुडाले. आज तिची सून वळते.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के करायचं ठरवलं. इथे कॅनडात, कॅलगरीत ती बातमी वाचली आणि डोळ्यांपुढे ते सूप आलं. कर कमी करताना नाव मजुराचं घेतात. हजारी मजुरी मात्र त्या बैठकीत ठरत नाही.

त्या परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. राज्यांना वगळून दिल्लीला काही करता येत नाही. पेट्रोल-डिझेलचा हुकमी महसूल राज्यं सोडत नाहीत, म्हणून ते अजून जीएसटीबाहेर आहे आणि निपाणीजवळ कोगनोळीला महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द ओलांडली की डिझेलचा भाव बदलतो.

कॅनडातही प्रांतांचं राजकारण असंच करात उतरतं. ब्रिटिश कोलंबियाने २०१० मध्ये केंद्राचा आणि प्रांताचा विक्रीकर एक केला; पुढच्याच वर्षी सार्वमतात लोकांनी तो उलटवला. आमच्या अल्बर्टा प्रांतात २०२१ मध्ये सुमारे ६२ टक्के मतदारांनी कौल दिला, की गरीब प्रांतांना केंद्राकडून पैसे देण्याची तरतूद घटनेतून काढा. ‘आम्ही कमावतो, दुसरे खातात.’ चहाच्या सुट्टीत हे ऐकताना बंगळूरच बोलतंय असं वाटतं.

बंगळूरची तक्रार खोटी नाही. केंद्रीय करांतला कर्नाटकाचा वाटा चौदाव्या वित्त आयोगात ४.७१३ टक्के होता, पंधराव्यात ३.६४७ झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या मंत्र्यांसह जंतरमंतरवर बसले. मला ते पटलं होतं. पण दिल्लीकडे मागितलेला न्याय निपाणी, खानापूरलाही मिळायला हवा. बेळगावात हिवाळी अधिवेशन भरलं की एका बाजूला सीमाप्रश्नावर मराठी माणसांचा महामेळावा, दुसऱ्या बाजूला त्यावर बंदी, आणि सगळे दिवस त्यातच जातात. भाषेचा प्रश्न माझाही आहे, मी तो सोडलेला नाही. तरी आपल्या माणसांनी त्याच दारात उभं राहून तालुक्याला किती आलं आणि हजारी किती वाढली, हे मराठीत आणि कन्नडमध्येही विचारावं.

रविवारी फोनवर वहिनींना विचारलं, कर उतरवायचं ठरलं म्हणतात, मजुरीत काही वाढ?

“अजून तरी न्हाई, भावजी. छाट तेवढी निघतीया.”